कुंडलांचे दोन जोड

"मग आता तरी माझे कान फाडाल ना, महाराज?"

हिरानाथानं खांद्यावरची घोंगडी फेकली, 'आदेश' म्हणून नमस्कार केला आणि टेकायच्या आधी हेच विचारलं. पाणीसुद्धा मागितलं नाही पठ्ठ्यानं.

दर्यानाथ महाराज धुनीत लाकूड सरकवत होते. बर्फाच्या खिंडीखाली, देवदाराच्या रानात त्यांची झोपडी होती. नाथपंथात कान फाडून कुंडलं घातली की माणूस पुरा नाथ होतो. तोवर नुसता औघड. हिरानाथ कैक वर्षं औघडच होता आणि ते त्याला रात्रंदिवस डाचत होतं.

अखेर महाराजांनी सांगितलं होतं, मारवाडातल्या आपल्या पंथाच्या ठाण्यावरून पायी निघ. वाळू तुडव, डोंगर चढ, खिंड ओलांडून माझ्यापाशी ये. मग बघू.

आणि गडी आला. टाचा फुटलेल्या, ओठ सोललेले, पण मान काय ती ताठ!

"बस," महाराज म्हणाले. "कसा झाला रस्ता?"

एवढं विचारायचाच अवकाश.

"काय सांगू, महाराज! वाळूत तर वाटलं, संपलो. पाणी आटलं, जीभ टाळूला चिकटली. पण पहाटे त्या वाळूच्या टेकाडावर उभं राहिलं ना... राजा झाल्यासारखं वाटतं. आसपास चिटपाखरू नाही. सगळं आपलंच."

"मग?"

"मग आला ताप. एका ढाणीवर, म्हणजे चार झोपड्यांची वस्ती हो, तिथं आडवा झालो. शुद्ध नव्हती मला. बरोबरचे यात्रेकरू निघून गेले. धोंडबुवा तेवढे थांबले. शेळीचं दूध बोटानं चाटवायचे. पंधरवडाभर."

धोंडनाथ त्याचा थोरला गुरुबंधू. गुडघ्यांनी अधू, वयानं उतरलेला, आणि तोही अजून औघडच. त्यानं बापड्यानं कधी कुंडलं मागितली नव्हती. महाराजांनी दोघांना बरोबरच निघायला सांगितलं होतं.

"आणि डोंगर?"

"डोंगर लागला आणि मला पंख फुटले! चढ दिसला की पाय ऐकेनातच. खिंडीच्या माथ्यावर पोचलो तेव्हा ढग खाली, मी वर. रडलो मी, महाराज. लहान पोरासारखा रडलो."

"धोंडू काय म्हणाला माथ्यावर?"

हिरानाथ फुटलेली टाच चोळू लागला.

"ते... मागं होते."

"किती मागं?"

"चार पावलं टाकायचे नि बसायचे. मलाच म्हणाले, 'तू हो पुढं, मी येतो.' रोज हेच म्हणायचे. मी तरी किती थांबणार?"

महाराजांनी झोळीत हात घातला. फडक्याची पुरचुंडी सोडली आणि शिंगाची कुंडलं घोंगडीवर ठेवली.

हिरानाथाचे डोळे लकाकले. वाट बघून बघून शिणलेला माणूस, लकाकणारच.

महाराजांनी पुन्हा झोळीत हात घातला. शेजारी आणखी एक जोड ठेवला.

"येतील हो ते," हिरानाथ घाईनं म्हणाला. "रखडत का होईना, येतील."

"माथ्यावरून कधी उतरलास?"

"काल, दिवस कलताना. खाली मेंढपाळांच्या गोठ्यात शेकोटी होती. तिथं थांबलो. वाट पाहिली, महाराज. शपथ घेऊन सांगतो, पाहिली. मग बर्फ पडायला लागलं..."

"सकाळी?"

हिरानाथानं उगाच धुनीत काटकी सरकवली.

"सकाळी उजाडलं. वर जावं, असं मनात आलं होतं. आलं होतं हो! पण इथं तुम्ही, ही कुंडलं... म्हटलं, आधी पोचावं."

"वाटेत दोघे गडी भेटले असतील तुला. घोंगड्या नि दूध घेऊन वर चाललेले."

"भेटले. मी रामराम केला. कुठं निघालात, ते नाही विचारलं."

"मीच धाडले त्यांना. रात्रभर बर्फ पडलं. म्हटलं, तुम्ही दोघं वर अडकला असाल."

हिरानाथाचा चेहरा खर्रकन उतरला. ताठ मान खाली गेली ती गेलीच.

"चुकलो मी, महाराज. त्यांनी मला पंधरा दिवस जपलं आणि मला एक संध्याकाळ धीर धरवला नाही. शेकोटीजवळ मी गाढ झोपलो हो! वर तो माणूस थंडीत... आणि मी झोपलो." त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. "नकोत मला कुंडलं. मला बुवा हवेत."

कोणी दुसरा गुरू असता तर पाठीवरून हात फिरवला असता. दर्यानाथांनी नाही फिरवला.

ते जमिनीला हात टेकून उठले. सत्तरी कधीच ओलांडलेली, पायांत जोर नाही. त्यांनी घोंगडी पांघरली, धुनीचा लांब लोखंडी चिमटा काठीसारखा हातात धरला. कुंडलं होती तिथंच राहू दिली.

"चल."

हिरानाथ बाणासारखा सुटला. बर्फातून भराभर पाय टाकत पार देवदारांपर्यंत गेला.

"थांब!" मागून हाक आली.

"मला वाट ठाऊक आहे, महाराज! तुम्ही या सावकाश, मी होतो पुढं..."

एवढं बोलला आणि त्याचे त्यालाच शब्द गिळावेसे वाटले.

महाराज एकेक पाऊल रोवत त्याच्यापर्यंत आले. दम लागला होता. ते थांबले, श्वास घेतला.

"मागं हो. डोंगरात सगळ्यांत हळू चालणारा पुढं असतो."

"अशानं उशीर होईल हो, महाराज!" हिरानाथाला हुंदका फुटला.

महाराज त्याला ओलांडून पुढं झाले. चिमटा टेकवला. एक पाऊल टाकलं... मग दुसरं.

"उशीर झालाय, हिरा. आता माझ्या मागनं चाल."