हिरव्या रंगाचं बाळ

"मग सर, ज्या बाळाला धोकाच नाही, त्याला उगाच कशाला रडवायचं?"

डॉक्टर ऋजुता शेणोलीकरच्या आवाजात विचारणं कमी आणि जिंकणं जास्त होतं.

डॉक्टर यासीन मुजावरांनी खिशातून रुमाल काढला. हातातलं भिंग ते पुसत राहिले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांत डोकावण्यातच त्यांचा सगळा जन्म गेला होता. ऋजुता त्यांचीच विद्यार्थिनी. मधे मोठ्या शहरात जाऊन आली, आणि येताना लॅपटॉपमध्ये स्वतः बनवलेला एक प्रोग्रॅम घेऊन आली.

लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा कच्चा असतो. त्यातल्या रक्तवाहिन्या भलत्याच वाटेनं वाढल्या, तर पडदा सुटतो आणि दृष्टी कायमची जाते. वेळेत दिसलं तर लेसरनं थांबवता येतं. पण त्यासाठी एवढ्याशा पापण्या ताणून आत बघावं लागतं, आणि बाळ दवाखाना डोक्यावर घेतं.

ऋजुताचा प्रोग्रॅम बाळाला हात न लावता सांगायचा. जन्माचं वजन, पोटात किती आठवडे होतं, ऑक्सिजन किती लागला, पुढे वजन कसं वाढलं, एवढं भरायचं. धोका असेल तर लॅपटॉपची स्क्रीन लाल, नसेल तर हिरवी.

सरांनी एकदा मान डोलावली, की इथल्या सगळ्या हिरव्या बाळांची तपासणी बंद. ऋजुता त्या मानेकडेच बघत होती.

"दाखव बघू," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

"वजन थोडं कमी केलं तर?"

लाल.

"आणि ऑक्सिजन लागलाच नसता तर?"

हिरवा.

"वा! हुशार आहे की!" सर नव्या खेळण्यासारखे आकडे बदलून बघायला लागले. ऋजुताला मनापासून बरं वाटलं. म्हातारा वाद घालेल अशी तयारी करून आली होती बिचारी.

"हे शिकलं कुणाकडून?"

"तपासायला आलेल्या हजारो बाळांकडून, सर."

"आणि जी आलीच नाहीत?"

"ती... ती यात नाहीत."

"मग कुठं आहेत?"

प्रश्नात टोमणा नव्हता. सरांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि ऋजुताची पंचाईत झाली ती त्यामुळेच.

तेवढ्यात दारात दोघी बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढे अक्काताई खोत, मागे त्यांची सून मंगल. मंगलच्या छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. आठव्यातच जन्मलेलं, आजवर काचेच्या पेटीत राहिलेलं, आज पहिल्यांदा घरी निघालेलं, डोळे तपासायचे तेवढे राहिलेलं.

"वडापची गाडी खाली थांबलीया, डाक्टर," अक्काताई म्हणाल्या. "जाऊ का आमी? येकदा घरात गेलं की सव्वा महिना सरंस्तवर बाळ उंबऱ्याभाईर काढत न्हाईत आमच्यात. आन् आमी तो दवाखान्यातनं घरी गेल्यापास्नं धरणार. मागनं बोलवू नका."

ऋजुतानं मनात हिशेब केला. आजाराला पडदा सोडवायचा असेल, तर त्यालाही एवढेच दिवस पुरतात.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "या बाळाचा रंग?"

"सकाळीच बघितलाय, सर. हिरवा. अगदी स्वच्छ हिरवा." तिनं बाळाचे आकडे पुन्हा लॅपटॉपवर आणून दाखवले.

"मग जाऊ दे त्यांना."

ऋजुता चमकली. इतक्या सहज?

"तूच सांग," सर म्हणाले आणि पुन्हा भिंग पुसायला लागले.

ती ताठ मानेनं दारापाशी गेली. "मावशी, बाळाला धोका अगदी कमी आहे. डोळे तपासायची गरज नाही. निघा तुम्ही."

अक्काताई वळल्यासुद्धा. मंगल मात्र जागची हलली नाही.

"बगितलं व्हय तुमी त्याच्या डोळ्यांत?"

"नाही... पण सगळी माहिती भरलीय. त्यावरून कळतं."

मंगलला ते पटलं की नाही, कोण जाणे. तिनं दुपटं जरा बाजूला केलं. बाळ झोपलं होतं.

"दिसंल न्हवं त्येला, डाक्टरीणबाई?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ऋजुतानं तोंडही उघडलं...

शब्द काही येईना. स्वतःचाच तिला राग आला, आणि भीतीही वाटली. लॅपटॉप हिरवाच होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाळाकडे.

"सर..." ती म्हणाली. "थेंब घालू?"

सर उठले. आपला डोक्याला बांधायचा दिवा त्यांनी उचलला, त्याचा पट्टा आवळला आणि स्वतःच्या हातांनी तिच्या डोक्यावर चढवला.

अक्काताई जे बोलायचं ते बोलल्या. वडापवाल्यानं दोनदा हॉर्न दिला. थेंबांनी बाहुली मोठी होईपर्यंत सगळेच थांबले. मग खोलीत अंधार केला, बाळाला दुपट्यात घट्ट बांधलं, जिभेवर साखरेचं पाणी टेकवलं. तरी पापण्या उघडताच बाळानं जो टाहो फोडला, त्यानं मंगल भिंतीला टेकली.

ऋजुता वाकली. भिंगात सगळं उलटं दिसतं, वरचं खाली आणि खालचं वर. त्या नारिंगी उजेडात ती एकेका रक्तवाहिनीमागे जात राहिली. कुठं भलता फाटा नाही, कुठं गुंता नाही. दोन्ही डोळ्यांत त्या थेट कडेपर्यंत पोचल्या होत्या.

खोलीतला दिवा लावला तेव्हा तिचे स्वतःचेच डोळे भरले होते.

"दिसेल," ती मंगलला म्हणाली. "डोळ्यांचे पडदे छान आहेत त्याचे. खुशाल घरी न्या."

मंगल पुढे झाली. तिनं रडणाऱ्या बाळाला उचललं आणि त्याच्या कपाळावर गाल टेकून तशीच उभी राहिली. मग अक्काताईंनी हाक मारली आणि दोघी जिना उतरल्या. गाडी सुटल्याचा आवाज वरपर्यंत आला.

ऋजुतानं डोक्यावरचा दिवा काढला. लॅपटॉपवर तोच हिरवा रंग होता. तो बघताच गेलेला ताठा भुर्रकन परत आला.

"बघा सर! उगाच रडवलं आपण त्याला. प्रोग्रॅम बरोबरच होता!"

सर बाळाखालचं ओलं फडकं गोळा करत होते. ते थांबले. भुवया उंचावून, अगदी कुतूहलानं त्यांनी तिच्याकडे पाहिलं...

"कशावरून?"