ओरखड्याची पैज

डोंगरपायथ्याच्या एका गावात सटवाजी नावाचा एक लोहार राहत असे. त्याचा हात मोठा कसबी. येमाजी पाथरवट हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. सटवाजीने घडवलेल्या छिन्नीखेरीज दुसरी छिन्नी येमाजी हातात धरत नसे.

गावच्या जत्रेत लोहारांची पैज लागे. एकाची छिन्नी दुसऱ्याच्या छिन्नीवर जोराने ओढायची. ओरखडा उठला, ती मऊ. जिच्यावर कुणाचाच ओरखडा उठला नाही, ती साऱ्यांत कठीण, आणि तिच्या लोहाराला मानाचे पागोटे. सटवाजी लागोपाठ तीन वर्षे हरला होता. लोक चिडवत, “काय सटवाजी, छिन्नी घडवतोस का लोणी काढतोस?”

बिचारा वाडवडिलांच्या रीतीने चाले. लालबुंद पोलाद पाण्यात बुडवले की ते कमालीचे कठीण होते, पण तितकेच ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा मंद निखाऱ्यावर शेकायचे. कठीणपणा थोडा उतरतो, पण घाव सोसायची ताकद येते. बाकीचे लोहार पैजेची छिन्नी शेकत नसत. मात्र ती कधी कुणाला कामालाही देत नसत.

चौथ्या वर्षी सटवाजीनेही शेकणे टाळले. ‘पैज जिंकू, मग घरी आल्यावर शेकू,’ असे त्याने मनाशी ठरवले. आणि काय सांगावे, त्याच्या छिन्नीवर एकही ओरखडा उठला नाही! डोक्यावर पागोटे चढले, ढोल वाजले. येमाजी गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने ती छिन्नी उचलून घेतली.

“ही आता माझी! देवळाच्या पायऱ्या हिनंच घडवीन.”

‘थांब, अजून शेकायची राहिलीय,’ हे शब्द सटवाजीच्या अगदी ओठांवर आले होते. पण भोवती सारे गाव. चारचौघांत कसे बोलायचे? उद्या सांगू, असे म्हणून तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी कौतुक करणाऱ्यांची घरी रीघ लागली आणि सांगायचे राहून गेले.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. तिसऱ्या-चौथ्या घावालाच छिन्नीचे टोक फुटले होते. कपची येमाजीच्या उजव्या डोळ्यात घुसली होती. डोळा गेला.

सटवाजी धावत गेला. येमाजी खाटेवर पडला होता. मित्राचे रडणे ऐकून उलट तोच समजूत घालू लागला. “रडू नको रे. तुझी छिन्नी साऱ्या जत्रेनं पारखलेली. माझाच घाव वाकडा पडला. हात म्हातारा झाला माझा.”

सटवाजीच्या काळजाला घरे पडली. गप्प राहिला असता, तर कुणाला काही कळले नसते. पण एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाने आपले पाप स्वतःच्या माथी घ्यावे, हे त्याला सोसेना. त्याने सारे सांगून टाकले.



“डोळा फुटला तेव्हा एवढं दुखलं नव्हतं, सटवा,” येमाजी म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

सटवाजी दिवस मावळेपर्यंत उंबऱ्याशी उभा राहिला. येमाजीने त्याला पुन्हा हाक मारली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढे कधीच नाही.

तात्पर्य: नुसत्या कठीणपणावरून कशाचीही पारख करू नये, आणि आपल्या वस्तूतली उणीव घेणाऱ्याला तिथल्या तिथे सांगावी, मग त्यापायी चारचौघांतला मान गेला तरी जाऊ द्यावा.