कणगी आणि माग

डोंगराखालच्या एका गावात घोंगड्या विणणारा एक विणकर राहत होता. त्याच्या घोंगडीतून वारा आत शिरत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. त्याची कुरकुरही तेवढीच प्रसिद्ध. मागावर बसताना तो रोज म्हणे, "काय करणार, पोट लागलंय ना पाठीशी. नाहीतर या मागाला कोण हात लावतंय?" बायको ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि सुताला लावायची चिंचोक्यांची खळ ढवळत राही.

एके दिवशी एक वाटसरू म्हातारी त्यांच्या ओसरीवर टेकली. विणकराने तिला भाकरी दिली, पाणी दिलं आणि सोबत आपलं रडगाणंही ऐकवलं. म्हातारी साधीसुधी नव्हती. उठताना तिने पदरातली मूठभर ज्वारी त्याच्या कणगीत टाकली. बघता बघता कणगी काठोकाठ भरली.

"ही आता कधी सरायची नाही," ती म्हणाली. "पण मागाला हात लावलास, की रिकामी होईल. पोटासाठीच विणत होतास ना? मग बस आता सुखानं."

विणकराला स्वर्ग दोन बोटं उरला. मागावर फडकं टाकून तो ओसरीवर लोळू लागला. सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मग जेवण बेचव लागू लागलं आणि झोपही लागेना. बसल्या जागी त्याची बोटं आपोआप हलायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी तो चिमटीत धरून बघे आणि वीण ढिली दिसली की हळहळे. बायको विचारी, आता तुम्हाला काय करायचंय त्याचं?

थंडीच्या तोंडावर एक मेंढपाळ आला. त्याच्या घरी नातू जन्मला होता. त्याच्यासाठी कोकरांच्या पहिल्या कातरणीची, म्हणजे जावळाची लोकर त्यांनी मुद्दाम कातून ठेवली होती. त्या सुताची घोंगडी त्याला हवी होती.

विणकराने आपण विणणं सोडल्याचं सांगितलं. मेंढपाळ मान खाली घालून उठला. तेव्हा "बघू जरा," म्हणून विणकराने सूत हातात घेतलं. काळंभोर, मऊ सूत. ते त्याला परत देववेना.

बायकोने ओळखलं. "अहो, कणगी जाईल," ती हळूच म्हणाली. "मग पुन्हा तेच पोटाचं रडणं आहे."

विणकराने कणगीकडे पाहिलं. उपाशी काढलेले दिवस त्याला आठवले. हातातलं सूत मात्र त्याने खाली ठेवलं नाही.

"पोट भरलंय गं," शेवटी तो म्हणाला, "पण जीव उपाशी आहे. खळ शिजव."

त्याने फडकं काढून मागाला हात लावला. पलीकडे कणगीतली ज्वारी भराभर खाली गेली आणि तळ उघडा पडला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

घोंगडी अशी उतरली, की मेंढपाळ तिच्यावरून नुसता हात फिरवत बसला. जाताना त्याने रिवाजाप्रमाणे धान्य दिलं. त्या दिवशीची कोरडी भाकरीही विणकराला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागावर बसताना तो सवयीने म्हणाला, "काय करणार, पोट लागलंय ना पाठीशी."

चुलीपुढे बायको तोंडाला पदर लावून हसली आणि खळ ढवळू लागली.

तात्पर्य: गरज माणसाला कामाला बसवते खरी, पण पोट भरल्यावरही हात ज्या कामाकडे धावतात, तेच आपल्या जिवाचं काम.