चेअरमनसाहेबांची पांढरी कॅप

साखर कारखान्याचे चेअरमन हणमंतराव खराडे दातांनी ऊस सोलायला गेले आणि पुढचा दात तुटला. बाकीचे दात तंबाखूनं काळवंडलेले. दातांच्या डॉक्टर शमा मुजावर रंग जुळवायची पट्टी घेऊन आल्या, तर साहेबांनी ती झिडकारली.

"चिनी मातीची कॅप दुधासारखी पांढरी पाहिजे! आणि दात बसवलेला आहे हे सभेत एकाला जरी कळलं, तर दवाखान्याला टाळं ठोकीन."

शमाबाई शांतपणे म्हणाल्या, "पांढरीच बसवते, साहेब. कुणाला कळणारही नाही. फक्त एक पथ्य पाळा, सभेत तोंड उघडू नका."

साहेबांनी पट्टीवरच्या तपकिरी नमुन्यावर बोट ठेवलं.

त्यांची दोन-दोन तासांची भाषणं सोसलेले, सोबत आलेले कारखान्याचे सेक्रेटरी मात्र हळहळले, "बाई, पांढरीच बसवायची होती की हो!"