झाडावरून उतरलेल्या अळ्या

फार मागं, माझ्या आज्याच्या आज्यालाबी दात आले नव्हते तवाची गोष्ट. समुद्रापल्याड, आफ्रिकेच्या पार दक्षिणेला, एक कोरडाठाक मुलूख व्हता. तिथं एक गाव, आन् गावाभवती मोपान्याचं रान. मोपान्याचं पान म्हंजी आपल्या आपट्यावानी, मधी दुमडलेलं. वरसातनं एकदा त्या पानांवर बोटाएवढ्या जाड अळ्या यायच्या, आन् सगळं गाव त्या खायचं.

तोंडं वाकडी करू नका. तुम्ही सुकट खाता, बोंबील खाता, तवा त्या बोंबलाला विचारता का, बाबा तू दिसायला असा का? मग गप ऐका.

तर त्या अळ्या झाडावरनं हातानं तोडायच्या, पिळून आतलं हिरवं काढून टाकायचं, मिठाच्या पाण्यात शिजवायच्या आन् चटईवर उन्हात वाळवायच्या. वाळल्या की पोती भरून ठिवायची. कणगीतली बाजरी तळाला गेली की पुढचे चार महिने गाव ह्या पोत्यांवर जगायचं. पोतं रिकामं, तर पोट रिकामं. सरळ हिशेब.

ह्या कामाचे नेम दोन. रानाची राखण एका म्हातारीकडं व्हती. ती पहिली अळी चाखून "हं" म्हणेस्तवर कुणी हात लावायचा न्हाई, हा एक. आन् दुसरा, जी अळी आपल्या पायानं झाडावरनं खाली उतरली तिला शिवायचं न्हाई. झाडावरची आपली, उतरली ती भुईची.

ह्या गावात मुसेकिवा नावाचा गडी राहायचा. अंगानं आडवा, आवाजानं मोठा, आन् डोकं म्हंजी तापलेला तवा, पाणी पडायचा अवकाश. कोंबडा आरवला तरी ह्यो म्हणायचा, "मला बघून वरडला." त्याच्या बायकूचं नाव नेत्साई. ती ओढ्यापल्याडच्या गावची. तिचा भाऊ गारिकाय म्हंजी मुसेकिवाच्या डोळ्यातलं कुसळ. लगनातच त्यानं हसत हसत सांगितलं व्हतं, "दाजी, कधी कमी पडलं तर या आमच्याकडं जेवायला, लाजू नका." झालं. मुसेकिवानं तवापासनं एकच गाठ मारलेली: मरंन, पण मेहुण्याच्या दारात ताट मांडून बसायचा न्हाई.

पण आडव्या अंगानं झाडावर चढायचं कसं? बाकीचे गडी खारीवानी वर जायचे. नेत्साई सुदीक फांदीवर बसून तोडायची. ह्यो खालच्या फांद्या ओरबाडायचा, अळीचे काटे बोटात घुसायचे, पिळायला गेला की हिरवी चिळकांडी नेमकी डोळ्यात. मग झाडाला लाथ. मग पाय धरून बसायचं. दरसाली त्याचं एक पोतं कमी भरायचं, आन् दरसाली मेहुण्याचं ते बोलणं कानात वाजायचं.

एका साली असाच पाय चोळत बुंध्याशी बसला व्हता. बघतो तर एक अळी, चांगली जाडजूड, बुंध्यावरनं ठुमकत खाली आली. तिच्या मागनं दुसरी. तिच्या मागनं धा. त्याच्या मांडीवरनं, पोटावरनं, जणू रस्ताच हाये, अशा चालत पलीकडं गेल्या आन् मातीत शिरायला लागल्या.

मुसेकिवा त्या रांगेकडं बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला, आन् तवाच्या तवा रागबी आला.

तो तडक म्हातारीकडं गेला. "आज्ये, ह्या खाली उतरलेल्या अळ्या का घ्यायच्या न्हाईत?"

"त्या भुईच्या."

"भुई काय करती त्यांचं? बाजरीच्या घाट्यासंगं खाती?"

"तिलाच विचार."

"तुला ठावं न्हाई, असं सांग की सरळ."

"माझ्या आजीनं सांगितलं, मी ऐकलं."

"आन् तू आजीला विचारलं न्हाईस?"

"तिच्या हातात काठी असायची," म्हातारी म्हणली.

आता खरं बोलायचं तर मुसेकिवाचा सवाल वाईट नव्हता. म्हातारीचा जबाब वाईट व्हता. पण सवाल विचारून जबाब मिळाला न्हाई की शहाणा माणूस हुडकायला लागतो, आन् तापट माणूस म्हणतो जबाबच न्हाई.

मुसेकिवा गावाच्या मधोमध उभा राहिला आन् गरजला, "येडे हाईत आपण. पाव्हणा आपल्या पायानं दारात येतो, त्याला हाकलून लावायचं आन् मग शिडी लावून त्याच्या घरी जायचं? त्यो माल आपल्या पायानं पोत्याकडं चाललाय. म्हातारीला कारण ठावं न्हाई. कुणाला ठावं असंल तर त्यानं पुढं यावं."

कुणीच पुढं आलं न्हाई. कुणाला ठावंच नव्हतं.

नेत्साई एकटी बोलली, "पण धनी, एक डाव बघा तर, त्या मातीत जाऊन करतात काय."

"मरतात. मातीत जाऊन आणिक काय करायचं असतं?"

गाव हसलं. हसलं म्हंजी पटलं, असं गावाचं असतं. दुसऱ्या दिवशी झाडाखाली सगळ्यांनी चटया हांथरल्या आन् पाय पसरून बसले. अळ्या उतरायच्या, ह्यांनी वेचायच्या. ना चढणं, ना उतरणं. एकजण तर झोपून एका हातानं वेचत व्हता. एकबी मातीत जाऊ दिली न्हाई. मुसेकिवाच्या घरात त्या साली नऊ पोती लागली. जेवायला बसला की पोत्यांकडं तोंड करून बसायचा. गारिकाय बहिणीला भेटायला आला तवा त्याला मुद्दाम पोत्यावरच बसवला.

"दाजी, लई उंच बसवलंत," गारिकाय म्हणला.

"उंचीची सवय लाव. आमच्याकडं असंच असतं."

वरीस गेलं. पुना हंगाम आला. मोपान्याला कवळी पानं फुटली, मोठी झाली, जून झाली. पानांवर एक अळी न्हाई. म्हातारी रोज रानात जायची, जीभ बाहेर काढून उभी राहायची, चाखायला काय न्हाई म्हणून परत यायची. असलं हिरवंगार, असलं रिकामं रान कुणी बघितलं नव्हतं.

गाव आधी म्हणलं, उशीर झालाय. मग म्हणलं, दृष्ट लागली. मग सगळे मुसेकिवाकडं बघायला लागले. बोलत कुणी नव्हतं, नुस्तं बघत व्हते. ह्यापरीस चार शिव्या बऱ्या.

त्यात ओढ्यापल्याडनं खबर आली की गारिकायच्या गावाला अळ्यांनी झाडं वाकलीत.

मुसेकिवाच्या तव्यावर पाणी पडलं. "चोर," तो म्हणला. "आमच्या अळ्या पळवल्या."

"कशा पळवल्या? दावं सोडून न्हेल्या?" नेत्साईनं विचारलं.

"तुझा भाऊ काय बी करंल."

कुदळ खांद्यावर टाकली आन् निघाला. नेत्साई मागनं. पल्याडच्या रानात पोचला तर काय, फांद्याफांद्यांवर अळ्या, आन् खालनं रांगाच्या रांगा मातीकडं चाललेल्या. माणसं पाय वर करून त्यांना वाट देत व्हती. म्हंजी मुसेकिवाच्या डोळ्यांदेखत त्याचं चार महिन्यांचं जेवण मातीत चाललं व्हतं.

"आमच्या अळ्या द्या," तो म्हणला.

गारिकाय झाडावरनं उतरला. "दाजी, पाणी प्या आधी."

"पाणी नगं. अळ्या द्या."

"ज्यांच्या कपाळावर तुमचं नाव असंल त्या निवडून न्या."

माणसं हसली. मुसेकिवा आणिकच पेटला. "आन् ह्या खाली चालल्यात त्या का वेचत न्हाई तुम्ही? माजलात?"

"त्या भुईच्या."

"का?"

गारिकायनं डोकं खाजवलं. "तसा नेम हाये."

"अरे पण का? हितंबी कुणाला ठावं न्हाई? तिकडं बी येडे, हिकडं बी येडे. थांबा, दावतोच तुमची भुई काय खाती ती." आन् त्यानं कुदळ उचलून बुंध्याजवळ घाव घातला. जिथं गेल्या साली सगळ्यात शेवटच्या अळ्या उतरल्या व्हत्या, नेमकी तीच जागा.

मातीतनं खजुराच्या बियांवानी काळपट तपकिरी गोळे निघाले. एक न्हाई, ओंजळभर.

"बघा," मुसेकिवा वरडला, "मेल्या. वाळून कोळसा झाल्या. वाया घालवलं अन्न." त्यानं एक गोळा हातात घेऊन सगळ्यांच्या तोंडासमोर धरला. "ह्याच्यासाठी उपाशी मरता? ह्या मढ्यासाठी?"

मढं हाललं.

गोळ्याला चीर गेली. आतनं एक ओलं, लोकरीचं, चुरगाळलेलं काहीतरी सरपटत बाहेर आलं, त्याच्या आंगठ्यावर चढलं आन् थरथरत बसलं. हळूहळू त्याचे पंख सुटले, पसरले, तळहाताएवढे झाले. पंखांवर दोन मोठे डोळे. त्या डोळ्यांनी ते पाखरू मुसेकिवाकडं बघायला लागलं.

ते पाखरू सगळ्यांच्या वळखीचं व्हतं. हंगामाच्या आधी दोन-तीन दिवस रानात भिरभिरायचं, पानावर अंडी घालायचं आन् मरून जायचं. त्या अंड्यांतनं अळ्या येतात हे शेंबड्या पोराला ठावं व्हतं. पण पाखरू येतं कुठनं, हे कुणी विचारलं नव्हतं. वाडवडील आभाळातनं धाडतात, असं समजून सगळे वर बघायचे. खाली कुणी बघितलंच न्हाई.

"धनी," नेत्साई हळूच म्हणली, "आपण नऊ पोती काय खाल्लं?"

जलमात पहिल्यांदा मुसेकिवाला वरडायला कुणी सापडंना. सगळ्या माणसांवरनं नजर फिरवली आन् शेवटी तो मटकन मातीत बसला. पाखरू आंगठ्यावरच व्हतं, म्हणून हात तेवढा वर धरलेला.

गारिकायला हसायचा हक्क व्हता. तो हसलाबी, मी खोटं सांगत न्हाई. मग म्हणला, "दाजी, जेवायची येळ झाली."

आन् मुसेकिवा मेहुण्याच्या दारात ताट मांडून बसला. घाटा, वर त्याच अळ्यांचं कालवण. प्रत्येक घास दगडावानी गिळला, पण पोट उपाशी व्हतं, दुसऱ्यांदाबी वाढून घेतलं. ताट पुसून झालं तवा खाली मान घालून म्हणला, "ह्या साली मातीत गेलेल्यांतले थोडे गोळे देशील का? मातीसकट न्हेतो."

"देतो. पण खणायचे तुम्ही, वाहायचे तुम्ही. आन् पुढच्या हंगामात तुमच्या रानातली एकबी अळी कुणी तोंडात घालायची न्हाई. घातली, तर पुना माझ्याकडं यायचं न्हाई."

मुसेकिवानं मडकी भरभरून माती डोक्यावरनं वाहिली. आपल्या रानात बुंध्याबुंध्याशी गोळे पुरले. म्हातारीला जाऊन सगळं सांगितलं. म्हातारीनं त्याची कुदळ मागून घेतली आन् तिचं पातं चाचपलं. मग म्हणली, "तू विचारलंस तवा मीच कुदळ घ्यायला पायजे व्हती. आजीच्या काठीला भ्याले, ती काठी मोडून साठ वरसं झाली तरी."

आन् मग आलं ते वरीस. ते ऐका, कारण खरी शिक्षा तीच.

त्या साली गावानं कंदमुळं खाल्ली, शेळ्या इकल्या, दर चार दिवसांनी मुसेकिवा ओढा वलांडून मेहुण्याकडनं बाजरी मागून आणायचा. हंगामाला मोपान्यावर अळ्या आल्या, थोड्या, पण आल्या. बोटाएवढ्या जाड. आन् खाली सगळं गाव उपाशी, वर तोंड करून, लाळ गिळत उभं. त्या अळ्यांना राखायला कुणाला ठिवावं, ह्यावर गावात दोन मतं नव्हती. ज्यानं खाल्लं त्यानंच राखावं.

मुसेकिवा कुदळीचा दांडा घेऊन रानात बसला. राग आयुष्यभर फुकट गेला व्हता, आता कामाला आला. गावचा पाटील "मी नुस्ता बघायला आलोय" म्हणत झाडाला हात लावायला गेला, त्याला ओढ्यापर्यंत पळवला. स्वतः म्हातारी "चाखायचा माझा मान हाये" म्हणत आली, तर तिला म्हणला, "आज्ये, वास घे आन् जा." नेत्साईनं तर चार अळ्या आणून परसात लपवल्या व्हत्या, त्या त्यानं परत एकेक करून पानावर न्हेऊन ठिवल्या, आन् रातभर तिच्याशी बोलला न्हाई. त्याच्याबी पोटात कावळे वरडत व्हते. एकदा एक अळी त्याच्या व्हटाजवळच्या फांदीवर आली. तो डोळे मिटून बसला आन् तिला शिव्या देत राहिला, पण तोंड उघडायचं म्हणून मनातल्या मनात.

मग एक दिवस त्या उतरल्या. झाडून सगळ्या. रांग धरून, घाई न करता, मातीत गेल्या. सगळं गाव पाय वर करून बघत व्हतं, आन् कुणी हसलं न्हाई.

त्याच्या पुढच्या साली रान पाखरांनी भरलं, मग अळ्यांनी. म्हातारीनं पहिली अळी चाखली आन् "हं" म्हणली. मुसेकिवाची सात पोती भरली. नऊ न्हाई, सात. दोन पोत्यांचा माल मातीत गेला, आन् तो जाताना त्यानं स्वतः वाटेतले खडे बाजूला केले. तवापासनं त्या गावात कुणी नेम सांगितला की ऐकणारा म्हणायचा, का? आन् सांगणाऱ्याला उठून कुदळ आणावी लागायची.

बोध एवढाच: नेम खुळा वाटला तर मोडायच्या आधी खणून बघा, खाऊन झाल्यावर खणलं तर हाताला नुस्ती माती लागती.