खाजणातली सुनावणी

सागवे हे खाडीकाठचं शहर भराभर वाढत होतं. त्याचा पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा तपासायला राजधानीतून धारवाडकरसाहेब आले होते. नगरसेविका हेमांगी तांडेल नकाशा न्याहाळत होत्या. खाडीलगतच्या खाजणावर, म्हणजे सखल खाऱ्या जमिनीवर, पिवळा रंग दिला होता, म्हणजे तिथे इमारती होणार होत्या.

"साहेब, ही जमीन कोरडी आहे, तर लोक तिथे होड्या कशाला बांधून ठेवतात?" त्यांनी कुतूहलानं विचारलं.

साहेब हसले. "बाई, हा नकाशा उपग्रहावरून काढलाय. तिथे पाणी येतच नाही. कोळ्यांच्या सवयी बघून शहरं उभी राहत नसतात."

"मग लोकांची सुनावणी तिथेच घेऊ या की! पौर्णिमेला, भर दुपारी. सगळ्यांची खात्री पटेल."

साहेबांना कल्पना फारच आवडली. पौर्णिमेला खाजणात मंडप उभा राहिला, खुर्च्या मांडल्या गेल्या. लोक मात्र बांधावरच उभे राहिले. साहेबांचं बोलणं रंगात आलं आणि उधाणाचं पाणी हळूच मंडपात शिरलं. बूट भिजले तसे साहेब ताडकन उठले. हेमांगीताई शेजारच्या खुर्चीत पदर खोचून निवांत बसल्या होत्या.

"बसा ना साहेब," त्या म्हणाल्या. "हे पाणी नकाशात कुठेय?"

बांधावर हशा पिकला. साहेब लालबुंद झाले, पण मग त्यांनाही हसू आवरेना. घोटाभर पाण्यात उभं राहूनच त्यांनी नकाशातल्या पिवळ्या रंगावर फुली मारली आणि बांधाकडे वळून विचारलं, "आणखी कुठे कुठे येतं हे?"

एकदम दहा-वीस हात वर झाले.