गोवऱ्यांमागचा लांबहात्या

एकदा एक विद्वान शिष्य स्वतःच्याच घरात दोन पोरांपुढे सपशेल हरला. तर्कशास्त्रात त्याने भल्याभल्यांची तोंडे बंद केली होती. पण बायको बाळंतपणासाठी माहेरी गेली, सात वर्षांची शेवंता आणि चार वर्षांचा भानू त्याच्या पदरात पडले, आणि चूल कशी पेटवावी हे कोणत्या ग्रंथात सांगितले आहे ते काही त्याला सापडेना.

पहिल्याच सकाळी पेज करपली. बाराखडी दुसऱ्या अक्षराशी अडली, कारण भानूने पाटीवर दूध ओतून मांजराला जेवायला बोलावले होते. शेवंतेने अंगण लख्ख झाडले आणि सगळा केर शेजारणीच्या तुळशीत नेऊन टाकला. शेजारीण कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "पंडितजी, ही पोरं आहेत की वानरं?"

जन्मभर वाद घालणाऱ्या पंडिताला या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष पटले.

त्याच दिवशी दिवेलागणीला त्याच्या तल्लख बुद्धीने एक उपाय काढला. स्वयंपाकघरामागे गोवऱ्या रचून ठेवायची एक अंधारी खोली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो खालच्या आवाजात म्हणाला, "त्या गोवऱ्यांमागे लांबहात्या राहतो. त्याचे हात बसल्या जागेवरून ओसरीपर्यंत पोचतात. जो अभ्यास अर्धा टाकतो, जो केर कोपऱ्यात ढकलतो, त्याला तो ओढून नेतो."

"तो आंघोळ करतो?" भानूने विचारले.

"त्याला आई आहे का?" शेवंतेने विचारले. "हात एवढे लांब, तर झोपताना ते ठेवतो कुठे?"

आपल्याच सिद्धान्ताची अशी उलटतपासणी विद्वानाला सोसवेना. "त्याच्याविषयी जो चकार शब्द काढील," तो गरजला, "त्याचा आवाज तो काढून नेतो. कायमचा!"

भानूने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरले.

झाले! दुसऱ्या दिवसापासून त्या घराला अशी शिस्त लागली की ऋषींच्या आश्रमाने येऊन शिकावी. हाक मारण्याआधी पोरे उठत. शेवंता मागच्या खोलीतून चुलीसाठी गोवऱ्या आणी, भानू तांब्यातांब्याने पाणी भरी. झाडलोट झाली की दोघे पाट्या घेऊन बसत. पाढे म्हणत, अक्षरे गिरवत, जेवण झाले की आपापले ताट घासून पालथे घालत. गोवऱ्या एक दिवस हिने आणायच्या, एक दिवस त्याने, अशी पाळी बापाने ठरवून दिली होती. पण शेवंता भानूची पाळीही स्वतःच घेई.

"केवढी कामसू पोरगी!" बापाने तिच्या पाठीवर हात फिरवला. ती गोवऱ्या चुलीशी रचू लागली.

"कसली मात्रा चाटवलीत हो?" शेजारीण विचारी. विद्वान नुसता हसे. हसायला त्याला आता वेळही होता.

मात्र हळूहळू त्या घरातली शांतता त्याच्या अंगावर येऊ लागली. चुलीवरच्या पेजेचा एकेक बुडबुडा ऐकू यावा, इतकी ती दाट होती. तो नदीवरून परते तेव्हा पोरे भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी बसलेली असत. "काय झालं रे?" म्हटले की "काही नाही, बाबा." भानू झोपेतही तोंडात मूठ कोंबून असे. एका सकाळी शेवंता मागच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा तांदळाच्या पिठासारखा पांढरा पडला होता. हातातल्या गोवऱ्या एकमेकींवर आपटून वाजत होत्या.

"थंडी वाजते का गं?"

तिने मान हलवली, गोवऱ्या चुलीशी ठेवल्या आणि पाटी पुढ्यात ओढली.

त्या दिवसापासून आपला लांबहात्या आपणच घडवला आहे हे पक्के ठाऊक असूनही, त्या दाराकडे पाहायचे तो टाळू लागला. दारासमोरून जाताना पाऊल आपोआप भरभर पडे. विद्वत्तेला पोटऱ्या नसतात, भीतीला असतात.

मन हलके करावे म्हणून तो गुरूंकडे गेला आणि गेल्या गेल्या स्वतःची फुशारकी मारून बसला. गुरू फार वृद्ध, दातांनी केव्हाच रजा घेतलेली. पण खोडी काढायची हौस शाबूत होती. सगळे ऐकून ते म्हणाले, "वा! उद्या जेवायलाच येतो."

आले. घर पाहिले. आरशासारखी जमीन, ओळीने लावलेल्या पाट्या. त्यांनी भानूला जवळ घेतले. "काय रे सोन्या, काहीतरी विचार मला. तुझा बाप तुझ्याएवढा होता तेव्हा आकाशातला चंद्र शिजवला की मऊ होतो का, असं विचारायचा."

भानूने मागच्या दाराकडे पाहिले आणि ओठ मिटले. गुरूंच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले.

पाने मांडली गेली. गुरू म्हणाले, "अजून एक मांड."

"कोणासाठी, गुरुजी?"

"लांबहात्यासाठी. तुझी पोरं उठवतो तो, घर झाडून घेतो तो, पाढे पाठ करून घेतो तो. तू नुसता जेवतोस! राबणाऱ्याला उपाशी ठेवून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

"आजोबा, नाव नका घेऊ," शेवंता इतकी हळू म्हणाली की फक्त ओठ हलले.

"पान तूच आत ने," गुरूंनी शिष्याला फर्मावले. "मी बाहेरून कडी लावतो. त्याचं जेवण झालं की हाक मार."

विद्वानाला हसू यायला हवे होते. ते आले नाही. गुरुआज्ञा मोडता येईना. पान हातात घेऊन तो त्या खोलीत शिरला, आणि मागे दार लागले.

अंधार. शेणाचा कोरडा वास. हातातल्या पानावरून भाताची शिते जमिनीवर सांडली. अरे, इथे कोणी नाही, त्याने स्वतःला बजावले. मीच तर रचले सगळे. आणि तेवढ्यात गोवऱ्यांच्या खालून लोहाराच्या भात्यासारखा एक लांब, जाड श्वास आला.

श्वास थांबला. पुन्हा आला.

विद्वानाचे सगळे शास्त्र एका क्षणात गळून पडले. खरेच आहे तो. ओरडावे म्हणून त्याने तोंड उघडले, तर आवाजच फुटेना. आवाज काढून नेतो... कायमचा... त्याचेच शब्द त्याच्या कानात घुमू लागले. पाय मागे सरकला तो भिंतीला लागला. श्वास आता अगदी जवळ होता.

"बाबा!"

ती किंकाळी दारापलीकडून आली.

"बाबा, हलू नका! साप आहे! खालच्या गोवऱ्यांत, भिंतीच्या बाजूला! आजोबा, दार उघडा, दार उघडा!"

कडी सुटली. दारातून आलेल्या उजेडात त्याला दिसली ती मनगटाएवढी जाड, साखळीच्या नक्षीची घोणस. ती त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर वेटोळे करून बसली होती. "हळू, बाबा. दाराकडे. एकेक पाऊल," शेवंता सांगत गेली आणि तो लहान मुलासारखा ऐकत गेला. गुरूंनी त्याला धरून बाहेर ओढले आणि दार लोटून घेतले.

किंकाळी ऐकून शेजारणीचा नवरा लांब बांबू, मडके आणि मडक्याचे तोंड बांधायला फडके घेऊन आला. त्याने ती घोणस मडक्यात ढकलली आणि डोंगरावर सोडायला नेली.

गुरू घाम पुसत म्हणाले, "अरे, मी तुला जरा घाबरवायला आलो होतो. आत खरंच कोणी बसलंय हे मला काय ठाऊक!"

शेवंता मात्र गळा दोन्ही हातांनी धरून उभी होती. "आजोबा, माझा आवाज गेला का?"

"गेला? अगं बाई, साऱ्या गावाने ऐकला!"

विद्वान तिच्यापुढे खाली बसला. "कधीपासून आहे तो तिथं?"

"आई गेल्यावर थोड्या दिवसांनी आला. फूं करायचा. मी कडेकडेच्या गोवऱ्या घ्यायची. भानूला जाऊ दिलं नाही. त्याला पळता येत नाही नीट."

"रोज गेलीस? मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच तर म्हणाला होतात, कोणी बोलायचं नाही. मला वाटलं, साप लांबहात्याचाच आहे."

विद्वानाने तिला जवळ ओढले. मग गुरू म्हणाले, "भीतीला तू घरात कामाला ठेवलंस. काम चोख केलं तिने, नाही कशाला म्हणू? पण खोटी भीती कोणती आणि खरी कोणती, हे लेकराला वेगळं करता येत नाही. ते दोन्हींपुढे सारखंच गप्प बसतं. केर आज राहिला तर उद्या झाडता येईल. पोराचं तोंड बापापुढे एकदा मिटलं, की घरात काय शिरलंय ते सगळ्यात शेवटी बापाला कळतं."

गुरू गेले. त्या संध्याकाळी पाट्या कोणी काढल्या नाहीत. शेवंता बोलत सुटली होती. दात हलतो आहे, भात रोज कच्चा राहतो, आईची आठवण येते, भानू मुळाक्षरे उलटी काढतो. मध्येच भानूने तिला ढकलून स्वतःचे सुरू केले. बाप ऐकत राहिला. चूल विझून गेली तरी उठला नाही.

अखेर शेवंता थांबली. त्याला चिकटून बसत म्हणाली, "बाबा, मला अजून भीती वाटते."

"मला पण," तो म्हणाला. इतकी वर्षे वादसभा गाजवणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून इतके खरे वाक्य पूर्वी कधी निघाले नव्हते.

आपल्या घरची पोरे फारच गुणी आणि गप्प झाली असतील, तर त्यांना जवळ बसवून कारण विचारावे. आणि उत्तर येईपर्यंत जागचे हलू नये.